आई-बापांमागे मूल कुणाचे? फिनाली बंधू आणि योसेले यांच्या खटल्यांचा इतिहास

दर पुरीमला, आपले वाडवडील ज्याला होळीचा सण म्हणत त्या दिवशी, आपण एस्तेरची मेगिल्ला ऐकतो. एस्तेरला ना आई होती ना बाप. ती मोर्देखायच्या चुलत्याची मुलगी. मोर्देखायने तिला स्वतःची मुलगी मानून वाढवले. पेसाखला आपण मोशे रब्बेनूची आठवण काढतो. त्याला पाण्यातून काढून वाढवणारी फारोची मुलगी होती, म्हणजे परक्यांतली, आणि तीही शत्रूच्या घरातली. एका मुलाला रक्ताच्या नातेवाइकाने सांभाळले, दुसऱ्याला परक्या बाईने. तल्मुदातल्या विद्वानांनी दोघांचाही मान राखला आहे. अनाथाला घरात वाढवणारा हा जन्म देणाऱ्याच्या बरोबरीचा, असे त्यांनी मानले.

पण एक प्रश्न या दोन्ही कथांत येत नाही. वाढवणारा म्हणतो, “मूल माझे,” आणि त्याच वेळी नातेवाईक दारात येऊन म्हणतात, “मूल आमचे.” मग काय करायचे? आपल्या कोकणातल्या गावांत आणि पुढे मुंबईच्या चाळींत असा प्रश्न कोर्टापर्यंत क्वचितच जाई. आई-बाप गेले की काका, मामा, आत्या, मावशी यांच्यापैकी कोणी तरी मूल उचलून घरी नेई. चार ताटे मांडली जात तिथे पाचवे मांडले जाई. वाद झालाच तर जमातीतले वडीलधारे बसून मिटवत. गेल्या शतकात मात्र या प्रश्नावर दोन देश ढवळून निघाले. एक प्रकरण फ्रान्सचे आणि दुसरे आपल्या या देशाचे. दोन्ही प्रकरणे समोरासमोर ठेवली की नातेवाइकांचा हक्क कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे समजते. आज आपल्यापैकी बहुतेक जण आजी-आजोबा आहेत, म्हणून हा इतिहास आपल्या कामाचा आहे.

ग्रनोबलची दोन मुले

डॉक्टर फ्रिट्झ फिनाली हे व्हिएन्नातले ज्यू डॉक्टर. १९३८ साली हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला, तेव्हा ते आणि त्यांची पत्नी आनी देश सोडून निघाले आणि शेवटी फ्रान्समध्ये ग्रनोबल शहराजवळ ला त्रोंश या गावी राहिले. तिथे १९४१च्या एप्रिलमध्ये रोबेर आणि १९४२च्या जुलैमध्ये जेराल्द असे दोन मुलगे त्यांना झाले. तो काळ कसा होता हे सांगायला नको. ज्यू असल्याची खूण मुलाच्या अंगावर असणे म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणे होते. तरीही या आई-बापांनी दोन्ही मुलांची ब्रीत मिला केली. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण पुढे तिला फार महत्त्व आहे.

धोका जवळ आलेला पाहून त्यांनी मुलांना जवळच्या एका शिशुगृहात ठेवले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, १४ फेब्रुवारी १९४४ रोजी, गेस्टापोने नवरा-बायकोला पकडले. मार्चमध्ये द्रांसीच्या छावणीतून त्यांना आउशवित्झला नेले. ती दोघे परत आली नाहीत.

मुले मागे राहिली. मोठा तीन वर्षांचाही झाला नव्हता, धाकटा दोनाचाही नव्हता. कुटुंबाच्या एका स्नेही बाईने त्यांना नोत्र-दाम द सियों या कॅथलिक जोगिणींच्या मठात पोचवले. एवढ्या लहान मुलांची सोय मठात नव्हती, म्हणून त्यांना शहराच्या पाळणाघराच्या प्रमुख बाईंकडे देण्यात आले. या बाईंचे नाव आंत्वानेत ब्रँ. त्या अविवाहित होत्या आणि धर्मनिष्ठ कॅथलिक होत्या. त्यांनी फिनाली बंधूंना लपवले, खाऊ-पिऊ घातले आणि युद्ध संपेपर्यंत जिवंत ठेवले. इतरही काही ज्यू मुलांना त्यांनी आसरा दिला होता. त्या दिवसांत असे करणे म्हणजे स्वतःची मान सुरीखाली देणे होते. पुढे त्यांनी जे केले त्याचा विचार करताना हे उपकार विसरून चालणार नाही.

आत्यांची पत्रे

डॉक्टर फिनालींच्या बहिणी युद्धातून वाचल्या होत्या. मार्गारेट फिशल न्यूझीलंडमध्ये होती आणि हेडविग रोस्नर आपल्या इथे, गेदेराला. १९४५च्या फेब्रुवारीत, युद्ध अजून चालू असतानाच, न्यूझीलंडच्या आत्याने ला त्रोंशच्या नगराध्यक्षांना पत्र लिहून भावाच्या कुटुंबाची चौकशी केली. मुले जिवंत आहेत आणि ब्रँबाईंकडे आहेत हे कळल्यावर तिने बाईंचे आभार मानले, मुलांना आपल्याकडे पाठवावे अशी विनंती केली आणि त्यांच्या प्रवेशाची परवानगीही मिळवली.

ब्रँबाईंनी टाळाटाळ सुरू केली. १९४५च्या अखेरीस त्यांनी स्थानिक न्यायाधीशापुढे स्वतःला मुलांची तात्पुरती पालक नेमून घेतले. फ्रेंच कायद्यात अनाथाच्या पालकाची निवड करण्यासाठी ‘कुटुंब परिषद’ भरवण्याची पद्धत होती. त्या परिषदेत कुटुंबातले, म्हणजे रक्ताच्या नात्यातले कोणी नव्हते. पुढे वर्षामागून वर्षे गेली आणि पत्रे येत राहिली. १९४८च्या मार्चमध्ये ब्रँबाईंनी दोन्ही मुलांचा बाप्तिस्मा करवला.

इथे या प्रकरणाचे रूपच बदलले. तोवर हा एक बाई आणि दोन आत्या यांच्यातला वाद होता. कॅथलिक चर्चच्या त्या वेळच्या नियमाप्रमाणे बाप्तिस्मा झालेले मूल कॅथलिक म्हणूनच वाढले पाहिजे, आणि त्याला बिगर-ख्रिस्ती घरात देणे हे पाप. ज्यू लोकांना या नियमाचा जुना अनुभव होता. १८५८ साली इटलीतल्या बोलोन्या शहरात एदगार्दो मोर्तारा नावाच्या सहा वर्षांच्या ज्यू मुलाला पोपच्या शिपायांनी आई-बापांच्या घरातून उचलून नेले होते. तो तान्हा असताना आजारी पडला होता, आणि तेव्हा घरच्या मोलकरणीने गुपचूप त्याचा बाप्तिस्मा केला होता, एवढेच कारण. जगभरातून निषेध झाला, तरी मूल परत मिळाले नाही. तो पुढे कॅथलिक धर्मगुरू झाला आणि १९४० साली वारला. फिनाली प्रकरणाची बातमी फुटली तेव्हा युरोपातल्या ज्यूंच्या ओठांवर मोर्ताराचेच नाव आले.

कोर्ट आणि डोंगर

गेदेराची आत्या दूर होती आणि तिच्या हाती पैसा नव्हता. पण ग्रनोबलमध्ये मोशे केलर नावाचे एक ज्यू गृहस्थ होते. कुटुंबाशी त्यांचे काही नाते नव्हते. हेडविग रोस्नर यांच्या वतीने ते उभे राहिले आणि वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिले. प्रख्यात वकील मोरीस गार्सों यांनी आत्यांची बाजू मांडली. ११ जून १९५२ रोजी ग्रनोबलच्या अपील कोर्टाने निकाल दिला की मुले आत्याचे प्रतिनिधी म्हणून केलर यांच्या स्वाधीन करावीत.

निकाल लागला, पण मुले कुठे होती? ती नाव बदलून एका कॅथलिक संस्थेतून दुसऱ्या संस्थेत हलवली जात होती. १९५३च्या आरंभी ब्रँबाईंना अटक झाली, मठाच्या प्रमुख मदर आंतोनिन यांनाही झाली. त्याच फेब्रुवारीत, ऐन हिवाळ्यात, बास्क प्रांतातल्या धर्मगुरूंनी या दोन मुलांना पिरेनीज पर्वत पार करून फ्रँकोच्या स्पेनमध्ये पोचवले. तेव्हा रोबेर अकरा वर्षांचा होता आणि जेराल्द दहा. बापाचा देश सोडताना जन्मलेलीही नसलेली ही मुले आता दुसऱ्यांदा लपून जगत होती. फरक एवढाच की या वेळी पाठीवर गेस्टापो नव्हती. त्यांना शोधत होती ती त्यांची आत्या.

फ्रान्सभर वादळ उठले. वर्तमानपत्रे भरून वाहू लागली. अनेक कॅथलिक विचारवंतही मुले परत द्या असे म्हणू लागले. मार्च महिन्यात ल्योंचे कार्डिनल जेर्लिए आणि रब्बी याकोव कापलान यांच्यात समझोता झाला. चर्चने मुले परत आणण्यासाठी प्रयत्न करावा आणि कुटुंबाने धर्मगुरू व जोगिणींवरच्या फिर्यादी मागे घ्याव्यात, असे ठरले. जर्मनांच्या ताब्याच्या काळात ज्यूंना वाचवण्यासाठी झटलेल्या जर्मेन रिबिएर या कॅथलिक बाईंनी स्पेनमध्ये जाऊन बास्क धर्मगुरूंशी बोलणी केली. २३ जून १९५३ रोजी फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायपीठाने ब्रँबाईंचे अपील फेटाळले. तीन दिवसांनी मुले फ्रान्समध्ये परतली आणि २५ जुलैला विमानाने इस्राएलला आली.

त्या काळात आपल्यातली पहिली कुटुंबे माबारांतल्या तंबूंत आणि पत्र्याच्या खोल्यांत दिवस काढत होती. या देशात तेव्हा अशी किती तरी मुले होती जिला आई-बाप नव्हते, पण कुठून तरी आलेली एक आत्या किंवा एक मामा होता. म्हणून ही दोन मुले लोदच्या विमानतळावर उतरली तेव्हा लोकांना आपलेच कोणी परतल्यासारखे वाटले. गेदेराच्या आत्याने त्यांना वाढवले. रोबेर बापासारखा डॉक्टर झाला. जेराल्दने गाद हे नाव घेतले आणि तो इथल्या सैन्यात गेला. २०२० साली पोप पायस बारावे यांच्या काळातली व्हॅटिकनची कागदपत्रे संशोधकांना खुली झाली. डेव्हिड कर्त्झर या इतिहासकाराने ती तपासून दाखवून दिले की मुले परत करू नयेत असा सल्ला खुद्द रोमहूनही जात होता.

आजोबांनी पळवलेला नातू

हा इतिहास इथेच थांबला तर वाचक म्हणतील, नातेवाइकांचा हक्क खरा आणि परक्याचा खोटा. पण याला सात वर्षे होत नाहीत तोच आपल्या देशात याच्या उलट प्रकरण घडले.

शूमाखर नावाचे एक जोडपे सोव्हिएत रशियातून पोलंडमार्गे इस्राएलला आले. पोट भरायची मारामार होती, म्हणून त्यांनी धाकटा मुलगा योसेले याला काही काळ आजी-आजोबांकडे यरुशलायीमला ठेवले. आजोबा नाखमान श्टार्केस हे ब्रेस्लव पंथाचे कट्टर हसीद. आपली घडी बसल्यावर आई-बाप मुलाला न्यायला गेले. आजोबांनी मूल द्यायला नकार दिला. जावई आणि लेक धर्म पाळत नाहीत, ते मुलाला घेऊन रशियाला परत जातील आणि मग तो ज्यू राहणार नाही, अशी त्यांना भीती होती.

१९६०च्या आरंभी सर्वोच्च न्यायालयाने मूल परत करण्याचा हुकूम दिला. आजोबांनी तुरुंगात जाणे पत्करले, पण मुलाचा पत्ता सांगितला नाही. त्याच वर्षी रूथ बेन-डेव्हिड नावाच्या, ज्यू धर्म स्वीकारलेल्या एका फ्रेंच बाईने योसेलेला मुलीचे कपडे घालून देशाबाहेर काढले. युरोपात काही काळ ठेवून त्याला न्यू यॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एका हसीद कुटुंबाच्या घरी लपवण्यात आले. इकडे सारा देश विचारत होता, “एफो योसेले?” योसेले कुठे आहे? आपल्यापैकी जे १९६२च्या आधी इथे आले होते, त्यांना रस्त्यावरची पोरे काळ्या कोटवाल्यांच्या मागे लागून हाच प्रश्न ओरडत असत हे आठवत असेल. धार्मिक आणि बिगर-धार्मिक लोकांत त्या वेळी पडलेली चीर पुष्कळ दिवस सांधली नाही.

शेवटी पंतप्रधान बेन-गुरियन यांनी हे काम मोसादचे प्रमुख इसेर हारेल यांच्यावर सोपवले. ज्यांनी दोनच वर्षांपूर्वी आइखमानला आर्जेन्टिनाहून आणले होते, ते गुप्तहेर आता एका मुलाच्या शोधात युरोपभर फिरू लागले. १९६२च्या उन्हाळ्यात योसेले ब्रुकलिनला सापडला आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात आई-बापांकडे परतला. जवळजवळ अडीच वर्षे आई-बापांना मुलाचे तोंड दिसले नव्हते.

दोन प्रकरणांतला फरक

आता दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवून पाहू. दोन्हीकडे मुलावर माया होती. ब्रँबाईंचीही होती आणि आजोबांचीही. दोन्हीकडे मुलाचा आत्मा वाचवायचा आहे असे मनापासून मानणारी माणसे होती. त्यासाठी त्यांनी तुरुंग पत्करला, मुलाचे नाव बदलले, सरहद्द ओलांडली. एकीकडे मूल ज्यू होऊ नये म्हणून, दुसरीकडे ते ज्यू राहावे म्हणून. कृती मात्र एकच होती. आपल्या धर्माच्या बाजूने झाले म्हणून दुसरे कृत्य पहिल्याहून चांगले ठरत नाही, आणि आपण ज्यूंनी तर हे स्वच्छ बोलले पाहिजे.

मग आत्यांचा दावा खरा आणि आजोबांचा खोटा कशावरून? माझ्या मते उत्तर आई-बापांपाशी आहे. गेदेराची आत्या स्वतःसाठी मूल मागत नव्हती. मेलेल्या भावाला आणि भावजयीला बोलता येत नव्हते, त्यांच्या वतीने ती बोलत होती. त्यांची इच्छा काय होती याला कागद लागत नव्हता. युद्धाच्या ऐन अंधारात त्यांनी मुलांची ब्रीत मिला केली होती, तेवढा पुरावा पुरेसा होता. आजोबा मात्र जिवंत आई-बापांच्या इच्छेविरुद्ध उभे होते. नातेवाइकाचा हक्क हा आई-बापांच्या मागून येतो. आई-बाप असताना आणि ते मुलाला सांभाळायला लायक असताना त्यांच्या पुढे जाऊन उभे राहण्याचा हक्क आजोबाला नाही, मग तो कितीही पुण्यवान असो.

आपल्या शास्त्रकारांना नातेवाइकांची दुसरी बाजूही ठाऊक होती. तल्मुदात केतुबोत या ग्रंथात एक नियम आहे. बाप वारला आणि लहान मुलगा मागे राहिला. बापाचे वारस म्हणतात मूल आमच्याकडे वाढू दे, आई म्हणते माझ्याकडे. तर मूल आईकडेच ठेवावे, आणि मूल मेल्यास ज्याला वारसा मिळेल त्याच्याकडे कधीही ठेवू नये. असे एक मूल वारसांच्या हातून पेसाखच्या आदल्या दिवशी मारले गेले होते, म्हणून हा नियम. म्हणजे नाते जवळचे आहे एवढ्यावर विश्वास टाकू नका, मागणाऱ्याच्या मनात काय आहे तेही पाहा. गित्तीन या ग्रंथात अनाथांचा बाप म्हणजे बेत-दीन असे मानले आहे. आई-बाप नसतील तेव्हा मुलाच्या बाजूने बोलण्याची जबाबदारी न्यायाधीशावर येते.

दोन देशांचे कायदे

आपण जिथून आलो त्या भारतात १८९०चा पालक आणि पाल्य कायदा ज्यूंनाही लागू होता आणि आजही आहे. पालक नेमताना न्यायाधीशाने मुलाचे हित पाहावे असे तो सांगतो. त्यासाठी मुलाचे वय आणि धर्म, पालक होऊ इच्छिणाऱ्याचे चारित्र्य आणि ऐपत, त्याचे मुलाशी नाते किती जवळचे आहे, आणि मयत आई-बापांची काही इच्छा असल्यास तीही विचारात घ्यायची असते. मूल समजण्याच्या वयाचे असेल तर त्याचे मतही विचारात घेता येते. नाते या यादीत आहे, पण ते अनेकांतले एक आहे.

इस्राएलमध्ये, ज्या वर्षी योसेले सापडला त्याच १९६२ साली, कायदेशीर पात्रता आणि पालकत्वाचा कायदा झाला. त्याप्रमाणे आई-बाप हेच मुलाचे नैसर्गिक पालक. एक गेला तर पालकत्व दुसऱ्याकडे राहते, आजी-आजोबांकडे जात नाही. पण आजी-आजोबांचे नाते कायद्याने तोडलेलेही नाही. आई किंवा बाप वारला असेल, तर त्याच्या आई-वडिलांना नातवंडांशी संबंध ठेवू देण्याबाबत कोर्ट आदेश देऊ शकते. आपल्या मागे मुलांचा पालक कोण असावा हे आई-बाप मृत्युपत्रात, म्हणजे त्सवाआत, लिहून ठेवू शकतात, आणि ते मुलाच्या हिताविरुद्ध नसेल तर कोर्ट ते मानते. आई-बापांकडे मुलाला खरोखरच धोका असेल, तर त्यासाठी १९६० सालचा वेगळा कायदा आहे आणि त्याचा मार्ग समाजसेविकेकडून व कोर्टातून जातो. आजोबांच्या मोटारगाडीतून जात नाही.

आपल्या घरांसाठी

मी बरीच वर्षे शिक्षकी केली. आजी किंवा मावशीचे बोट धरून वर्गात येणारी मुले मी दोन्ही देशांत पाहिली. त्यांतली पुष्कळ चांगली वाढली. ज्यांच्यासाठी मोठी माणसे भांडत होती, ती मात्र कुणाकडे पाहून हसावे हेही विचार करून ठरवत. फिनाली बंधूंना बाईंनी जे जीवनदान दिले ते त्यांच्या आत्यांनी कधी नाकारले नाही. पण बाईंनी पहिल्याच पत्राला नीट उत्तर दिले असते, तर मुलांना आत्याही मिळाल्या असत्या आणि बाईही.

म्हणून आपल्या पिढीला दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, आपल्या मुलामुलींना सांगावे की तुमची लेकरे लहान आहेत तोवर त्सवाआ करून ठेवा आणि तुमच्या मागे पालक कोण ते त्यात लिहा. आपल्यात हा विषय अपशकुनी मानून टाळतात. वकिलाकडचा एक तास पुढची दहा वर्षे वाचवतो. दुसरी, सून किंवा जावई आपल्या मनासारखे घर चालवत नाहीत, शाब्बाथ पाळत नाहीत, नातवंडांना मराठीचा एक शब्द शिकवत नाहीत, याचे आपल्याला वाईट वाटते. ते वाटणे साहजिक आहे. नातवंडे घरी येतील तेव्हा त्यांना किद्दूश ऐकवावा, मलिद्याचे ताट पुढे करावे, अलिबाग-रेवदंड्याच्या गोष्टी सांगाव्यात, आणि संध्याकाळी त्यांना त्यांच्या आई-बापांच्या हाती परत द्यावे. आणि कुणावर देव न करो वाईट वेळ आली, तर ही दारे उघडी आहेत हे त्या मुलांना आधीपासून ठाऊक असावे.